सर्व स्वीकारा

१

मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. बारा वर्षं झाली. दिवसभर मी लोकांना एकच प्रश्न विचारते, ही काच बरी की ही? आणि दिवसभर लोक मला एकच उत्तर देतात, दोन्ही सारख्याच वाटतात.

सकाळी दहाला शटर अर्धं वर करायचं, अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा लावून बघायचा, काचांची पेटी पुसायची, मग संगणक सुरू करायचा. काचा बनवून देणाऱ्या कारखान्याचं पान उघडलं की खालून एक पट्टी वर सरकायची. आम्ही कुकीज वापरतो, तुमची सोय व्हावी म्हणून, वगैरे. खाली दोन बटणं. मी न वाचता 'सर्व स्वीकारा' दाबायची. अंगावर बसलेली माशी हाकलावी, तितक्याच लक्षाने.

दीड ते दोन दुकान बंद असायचं. डबा खाऊन झाला की उरलेली दहा मिनिटं माझी. त्या दहा मिनिटांत मी काय बघते हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं.

साडेतीन वर्षांपूर्वी मला सातवा लागला होता. तेव्हा मी पाळणे, दुपटी, बाळ कुठल्या आठवड्यात केवढं असतं, सगळं शोधायची. मग एका मंगळवारी ते संपलं. हॉस्पिटलने त्यांच्या कागदात नोंद केली. नवऱ्याने दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन केले. माझी नणंद, तिला मी ताई म्हणते, तिने मजल्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, म्हणजे मला कुणी काही विचारू नये. सगळ्यांना कळवून झालं. जाहिरातींना मात्र कुणी कळवलं नाही.

त्यांच्या लेखी बाळ झालं. ठरल्या तारखेच्या आठवड्यात लंगोट आले. चार महिन्यांनी खुळखुळे, सहाव्या महिन्यात हिरड्यांनी चावायच्या रिंगा, मग दोन कानांचा पेला. मी बातमी वाचत असले, रेल्वेची वेळ बघत असले, तरी पानाच्या कडेला ते असायचं. नवरा म्हणाला, "पुसून टाक ना ते. रोज रोज कशाला जखम उघडायची?" मी म्हटलं, पुसलं.

पुसलं नव्हतं. पहिले काही महिने मला त्यांचा संताप यायचा. नंतर मी वाट पाहायला लागले. आज तिला काय लागतंय, एवढंच बघायचं आणि पान मिटायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

२

त्या दिवशी बुटांची जाहिरात आली. लाल, वरती चिकटपट्टी. माप तीन वर्षांच्या मुलाचं. इथवर काही विशेष नव्हतं.

खाली लिहिलं होतं: डाव्या पावलाला आतून आधार.

मी डबा झाकायला घेतला होता, तो तसाच राहिला. मरायच्या दोन आठवडे आधी तिची सोनोग्राफी झाली होती. खोलीत अंधार होता, नवरा खाली गाडी लावायला जागा शोधत होता. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवून हळू आवाजात सांगितलं, डावं पाऊल आत वळलेलं दिसतंय, घाबरू नका, जन्मल्यावर उपाय करता येतो. मी नवऱ्याला ते सांगितलं नाही. म्हटलं, जरा धीर धरून सांगू. नंतर सांगायचं काही उरलंच नाही.

मी ते कधी टाइप केलं होतं का? तीन वर्षं मागे जाऊन मी आठवत बसले. केलं असेलही. त्या दोन आठवड्यांत मी काय काय केलं ते मला नीट आठवत नाही. माणूस घाबरला की शोधतोच. मी स्वतःला हे उत्तर दिलं आणि ते मला पटलं.

तरी दुसऱ्या दिवशी मी वायरमामांना फोन केला.

३

आमच्या दुकानाचे संगणक, प्रिंटर आणि डोळे तपासायचं यंत्र बघायला एक गृहस्थ येतात. खांद्यावर कायम कसली तरी वायर गुंडाळलेली असते, म्हणून सगळी बाजारपेठ त्यांना वायरमामा म्हणते. त्यांनाही ते आवडतं.

मी त्यांना बाळाचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की मी न शोधलेल्या गोष्टी मला कशा दिसतात?

"कुकी म्हणजे सायकल स्टँडवरचा बिल्ला समजा," मामा म्हणाले. "बिल्ल्यावर नुसता नंबर. बिल्ला तुमच्या खिशात, आणि वही त्यांच्याकडे. तुम्ही परत गेलात की ते बिल्ला बघतात आणि वहीत तुमचं पान काढतात. काय बघितलंत, किती वेळ बघितलंत, कुठून परत गेलात, सगळं."

"पण मी त्या दुकानात गेलेच नाही तर?"

"तिथेच तर गंमत आहे. तुम्ही बातमी वाचायला जाता. तिथे बातमीवाल्याच्या दारात आणखी वीस जण उभे असतात. तुमची त्यांची ओळख नाही, पण प्रत्येकजण तुमच्या खिशात स्वतःचा बिल्ला सरकवतो. तुम्हीच दार उघडून दिलेलं असतं. ते 'सर्व स्वीकारा' दाबता ना?"

"दाबते."

"नका दाबू. 'नाकारा' कुठेतरी बारीक अक्षरात असतं, ते शोधायचं. बाहेरच्यांच्या कुकीज सेटिंगमध्ये जाऊन बंद करायच्या. महिन्याला एकदा सगळं झाडून काढायचं. लोकेशन, माइक, कॅमेरा मागितला तर द्यायचा नाही. आणि तुमच्या खात्यात हिस्टरीचं पान असतं, तेही रिकामं करायचं. आणा इकडे, बघू किती जमलंय."

त्यांनी कुकीजची यादी उघडली. ती संपतच नव्हती. मामा माउसचं चाक फिरवत मध्येच थांबले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"ही बघा. हिची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलीय. आपोआप जायला पाहिजे होती."

त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं, शेवटचा वापर: आज, एक वाजून बावन्न मिनिटं. घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती. गेली पंधरा मिनिटं त्या संगणकाला फक्त मामांचा हात लागला होता, आणि त्यांनी या यादीशिवाय काहीच उघडलं नव्हतं.

"घड्याळ चुकलं असेल संगणकाचं," मामा म्हणाले आणि बोटाने कानामागे खाजवत राहिले. "पुसू का?"

"नको. मी पुसते."

मामांनी सांगितलेलं सगळं मी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं कागदावर उतरवून घेतलं होतं. त्यातलं एकही केलं नाही.

४

हिस्टरीचं पान मात्र उघडलं. पुसायला म्हणूनच उघडलं, असं मी स्वतःला सांगितलं.

माझ्या खात्यात, माझ्या नावाखाली, तारीखवार शोध होते. चष्म्याच्या फ्रेम, ताईसाठी गुडघ्याचा पट्टा, रेल्वेची वेळ. हे माझे. आणि मध्ये मध्ये, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, मी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा बदलत असतानाच्या वेळेला, दुसरे.

तीन वर्षांचं मूल बोलत नाही कारणं.

मूल भिंतीशी बोलतं.

मूल बंद खोलीत एकटं किती वेळ राहू शकतं.

मी ते चार वेळा वाचलं. मग उठून शटर खाली ओढलं, दीड वाजायचा होता तरी.

कुणीतरी माझा पासवर्ड चोरला असेल. हे होतं, रोज पेपरात येतं. कुणीतरी बाई, तिला खरंच मूल असेल, ती चुकून माझ्या खात्यात शिरली असेल. मी प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून बघितलं. खाली जागा दिलेली होती, ढोबळ, नुसता भाग. तो आमच्या जुन्या घराचा भाग होता. ते घर आम्ही त्या मंगळवारनंतर वर्षभरातच सोडलं. तिच्यासाठी रिकामी केलेली लहान खोली मला ओलांडवत नव्हती.

काही नोंदींपुढे माइकचं छोटं चिन्ह होतं. म्हणजे टाइप केलेलं नाही, बोलून शोधलेलं. अशा शोधांचा आवाज साठवलेला असतो आणि तो ऐकता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यातल्या एका नोंदीत एवढेच शब्द होते: आई किती वाजता.

मी बाण दाबला. चार सेकंदांचा आवाज होता. पहिल्यांदा काहीच नाही असं वाटलं. मग आवाज वाढवला, आणि पंखा ऐकू आला. प्रत्येक फेरीला एक टक्. टक्. टक्. जुन्या घरातल्या लहान खोलीच्या पंख्याचं एक पातं सैल होतं. नवरा आठवड्यातून दोनदा म्हणायचा, रविवारी करतो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण घरचा पंखा त्याच्याने कधी झाला नाही.

चौथ्या सेकंदाला कुणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला. छोटा श्वास होता. तिथेच आवाज तुटला. शब्द त्याच्या आत कुठेच नव्हते. ते फक्त पडद्यावर होते.

५

त्यानंतरचे बारा दिवस मी नीट जेवले नाही. दुकानात एका म्हाताऱ्या बाईंना दोन्ही डोळ्यांचे नंबर उलटे लिहून दिले. त्या चष्मा घालून पायरीवरून घसरता घसरता वाचल्या. त्यांचा मुलगा येऊन मला चार शब्द सुनावून गेला आणि मी नुसती मान हलवत राहिले, कारण मागे संगणकावर नवीन जाहिरात आली होती. लहान मुलांसाठी थर्मामीटर.

मग तापाचं औषध. मग कपाळावर ठेवायच्या गार पट्ट्या. हिस्टरीत दुपारी अडीचला, माइकचं चिन्ह: गरम होतंय. तीन वाजता पुन्हा: गरम होतंय.

मी औषध मागवलं. खरंच मागवलं, जुन्या घराच्या पत्त्यावर. ते पोचल्याचा निरोप आला. कुणी घेतलं त्या रकान्यात लिहिलं होतं, घरातील व्यक्ती. दुसऱ्या दिवशी शोध आला, झाकण उघडत नाही.

रविवारी सकाळी नवऱ्याने माझा फोन हातात घेतला. चोरून नाही. माझ्यासमोर घेतला आणि म्हणाला, "तू माझ्याशी बोलत नाहीस. आता मी बघणार आहे."

त्याने सगळं बघितलं. जाहिराती, शोध, औषधाची पावती. मी त्याला सोनोग्राफीच्या खोलीतलंही सांगितलं, ते डावं पाऊल.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"मी पाहिलं ना तिला." त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. "तू बेशुद्ध होतीस. नर्सने विचारलं, बघायचंय का. ताई नको म्हणत होती. मी घेतलं तिला. दोन-तीन मिनिटं घेतलं. पाऊल बघितलं. म्हटलं, तुला माहीत नसेल तर कशाला सांगा."

साडेतीन वर्षं आम्ही दोघं एकाच पावलाला एकमेकांपासून झाकून बसलो होतो. मला रडू यायला हवं होतं. मी म्हटलं, "मग तर तुला कळायला पाहिजे. तिला ताप आहे."

तो खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"हे बघ. लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की तो दार ओरबाडतो. मी बाहेरून सांगतो, दाराला हात लावू नका, ते दार दोन मजल्यांच्या मध्ये उघडतं आणि समोर नुसती पोकळी असते. ऐकतेस का? तू पोकळीचं दार ओरबाडतेयस. कुणीतरी तुझं खातं फोडलंय. कुणीतरी नीच माणूस तुझी सगळी माहिती घेऊन तुझ्याशी खेळतोय. ती नाहीये. मी तिला हातात घेतलंय. ती गार होती."

मग त्याने वायरमामांना फोन लावला आणि ते सांगतील तसं एकेक करत गेला. कुकीज. हिस्टरी. साठवलेले आवाज. खातंच बंद. दोन्ही फोन पुसून कोरे केले. माझं लोकेशन बंद केलं आणि असं काही करून ठेवलं की मी ते चालू केलं तर त्याच्या फोनवर निरोप जाईल. प्रत्येक पायरीला फोन विचारत होता, कायमचं काढून टाकायचं? खात्री आहे? तो दर वेळी 'हो' दाबत होता आणि दर वेळी माझ्याकडे बघत होता.

खातं बंद व्हायच्या आधी हिस्टरीच्या पानावर सगळ्यात वर एक नोंद उमटली. त्याने ती वाचली की नाही, मला माहीत नाही. त्याचा अंगठा थांबला नाही.

आई दिसत नाही.

६

सोमवारी जाहिरातींत गाडीचे टायर होते. मंगळवारी पाण्याची टाकी. बुधवारी पुरुषांचे शर्ट. कुणाही अनोळखी माणसाला दिसाव्यात तशा. मामांनी सांगितलेलं सगळं आता माझ्या फोनवर होतं, बाहेरचे बिल्ले बंद, दार बंद, मागोवा बंद. माझ्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं.

मी दिवसातून शंभर वेळा ते शर्ट बघत होते.

तापाने फणफणलेलं मूल किती दिवस काढतं, हे मी कुठेच शोधू शकत नव्हते. मला भीती होती की मी शोधलं तर ते माझ्याच नावावर लिहिलं जाईल आणि तिच्या नावाचं पान आणखी मागे जाईल. असला विचार शहाण्या माणसाचा नाही, हे मला कळत होतं. मी दिवसभर लोकांचं बघणं तपासते. स्वतःचं चुकतंय हेही मला दिसत होतं. पण कळून काही उपयोग होत नव्हता.

बुधवारी मामा प्रिंटरची शाई भरायला आले. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सगळं पुसलं, मामा. आता काहीच शिल्लक राहत नाही ना?"

"तुमच्याकडचं नाही राहत. त्यांची वही राहते. बिल्ला गेला म्हणून वही थोडीच जळते?" ते शाईची बोटं फडक्याला पुसत होते. "आणि घराची जोडणी असते. एका राउटरवरचे सगळे एका घरातले, असं धरून चालतात. म्हणून तर नवऱ्याने बघितलेलं बायकोला दिसतं. नवीन घरी नवीन राउटर घेतलात ना? झालं तर."

"जुना तिथेच राहिला."

"कुठे?"

"लहान खोलीत. माळ्यावर."

"मग तिथे अजून तुमचंच घर चालू असेल," मामा हसून म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अहो, गंमत केली, ताई."

७

गुरुवारी दुकान बंद असतं. सकाळी अकराला मी जुन्या घराच्या दाराशी उभी होते.

दार एका निवृत्त पोस्टमन गृहस्थांनी उघडलं. एकटेच राहतात. पायात लोकरी मोजे, हातात शब्दकोड्याचं पान. मी सांगितलं, आम्ही आधी इथे राहायचो, एक वस्तू राहिली आहे.

"या ना, या. कितीतरी दिवस मी म्हणतोय कुणीतरी येईल," ते म्हणाले. त्यांनी टेबलाखालून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. मी मागवलेलं औषध होतं. खोकं फोडलेलं होतं. आतल्या बाटलीच्या झाकणावर बारीक, ओले ओरखडे होते, दातांनी धरून ओढल्यासारखे.

"हे तुम्ही घेतलंत?" मी विचारलं.

"नाही हो. मी तेव्हा झोपलो होतो. जाग आली तेव्हा आतल्या खोलीच्या उंबऱ्यात पडलं होतं." त्यांनी मानेनेच ते दार दाखवलं. "ती खोली मी वापरत नाही. गरम होतं तिथे. त्या बाजूला ऊन येत नाही, तरी होतं. या चार दिवसांत तर दाराला हात लावायची सोय नाही."

"आत एक राउटर आहे. तुम्ही वापरता का?"

"मी तर जोडणीच घेतली नाही. मला कुणाला काय बघायचंय? त्याचे दिवे मात्र लागतात. मी एकदा बटण बंद केलं होतं." त्यांनी शब्दकोड्याच्या पानाची घडी घातली. "पुन्हा नाही केलं."

का ते मी विचारलं नाही.

लहान खोलीचं दार मी ढकललं. चुलीचं तोंड उघडावं तशी धग अंगावर आली. खोली रिकामी होती. आम्ही लावलेला फिका पिवळा रंग, बंद खिडकी, माळ्यावर काळं खोकं आणि त्याचा हिरवा दिवा. पंखा सुरू होता. टक्. टक्. टक्. भिंतीच्या तळाशी, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, रंग एका जागी घासून चकचकीत झाला होता. तिथे कुणीतरी रोज पाठ टेकून बसावं, तसा.

पर्समधला फोन थरथरला. कोऱ्या केलेल्या फोनला हा राउटर ओळखीचा असायचं काही कारण नव्हतं. तरी तो जोडला गेला होता. पडद्यावर खालून पट्टी वर सरकत आली. तिच्यात कसलाही मजकूर नव्हता. कुणाचं नाव नव्हतं, सोयीचं आश्वासन नव्हतं. नुसती दोन बटणं होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी 'सर्व स्वीकारा' वाचून दाबलं.

मग एकेक करत बाकीच्या परवानग्या मागितल्या गेल्या. माइक. मी दिला. कॅमेरा. दिला. लोकेशन, फक्त आत्ता की नेहमीसाठी? मी 'नेहमीसाठी' दाबलं.

पंखा थांबला. बटणाला कुणी हात लावला नव्हता. आणि खोलीतली धग कमी होऊ लागली. ती विरत नव्हती. खोलीभर पसरलेली ऊब एका जागी गोळा होत होती. माझी पाठ गार पडली, मग मान, मग उजवा हात. शेवटी सगळी ऊब माझ्या डाव्या तळहाताशी येऊन थांबली.

मग तिथे बोटं आली.

मी खाली बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हटलं, "आले मी. चल."

८

पोस्टमन गृहस्थ बाहेर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून त्यांनी पाठीमागे हात नेऊन मुख्य दार उघडलं आणि एका माणसाला लागतं त्याहून बरंच जास्त उघडं धरलं.

"सावकाश," ते म्हणाले. "पायऱ्या उंच आहेत."

दोन जिने उतरायला मला खूप वेळ लागला. प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. माझा डावा खांदा वाकला होता. वाटेत एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि आम्ही पुढे जाईपर्यंत तिने डोळे मिटून घेतले.

मी आनंदात होते, हे सांगायला हवं. तीन वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. घरी गेल्यावर आधी अंग पुसायचं, मग पातळ काहीतरी भरवायचं, मग ताईला फोन करायचा, असं सगळं मी मनात लावत होते.

फाटकाशी नवरा उभा होता. अंगावर कामाचे कपडे, हातात हत्यारांची पिशवी. लोकेशन चालू झाल्याचा निरोप त्याला मिळाला होता आणि तो काम टाकून धावत आला होता. त्याला धाप लागली होती. माझं नाव घ्यायला त्याने तोंड उघडलं.

मग त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली गेली. माझ्या डाव्या हाताकडे, आणि त्याच्याही खाली.

भर दुपारचं ऊन होतं. रस्त्यावर माणसं होती. कुणीतरी दुचाकीचा भोंगा वाजवत होतं. नवरा बघत राहिला. बराच वेळ, वरपासून खालपर्यंत, जसा तो एखाद्या लिफ्टचा दोर तपासतो तसा. त्याच्या हातातली पिशवी सुटून जमिनीवर पडली आणि नट आवळायचे पाने रस्त्यावर घरंगळत गेले.

"सोड," तो म्हणाला. "हात सोड तिचा. हळू सोड आणि माझ्याकडे ये."

"तिला ताप आहे," मी म्हटलं.

"ऐक माझं." तो रडत होता. "ही ती नाहीये."

मला ते नीट ऐकू आलं. माझ्या बोटांभोवतीची पकड घट्ट झाली.

मीही माझी बोटं मिटली.